टेंभरीची सावली

टेंभरीच्या झाडाखाली अस्वल बसलं होतं, आणि त्याच्या डोक्याच्या हातभर वर रुखमाची लेक लुगड्याच्या झोळीत झोपली होती.

रुखमा पळसाच्या आडोशाला उभी होती. हातातली विडीची तेंदूपानं कधी गळून पडली, तिला कळलं नाही. शेजारी तिची सासू, बायनाबाई, तिचा दंड घट्ट धरून उभी.

"ओरडू नको," म्हातारी ओठातल्या ओठात म्हणाली. "ओरडली तं बिथरते थे. जवळ जे हाय त्याच्यावरच झेपते."

जवळ काय होतं, ते रुखमाला सांगायला नको होतं.

सगळा घोळ आपणच घातला, हे तिला आता लख्ख दिसत होतं. तेंदूपानांच्या दिवसांत एटापल्लीच्या रानात बाया शिरतात त्या हाका मारत, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करत, उगाचच भांडत. एरवीही त्या काही मुक्याच्या गावच्या नव्हेत. पण रानातली ही बडबड मुद्दाम केलेली असते. माणसांचा गलका ऐकला की अस्वल आपली वाट बदलतं. आज मात्र पोरगी दातांनी बेजार होती. रात्रभर किरकिरली आणि आता कुठं तिचा डोळा लागला होता, म्हणून रुखमानं सगळ्यांना हात जोडले होते. "जराशा हळू बोला ना बाई. माही चिमी आत्ताच झोपली." बाया भारीच समजूतदार निघाल्या. तोंडं मिटून नाल्याकडे पांगल्या.

आणि झोळी बांधली ती कुठं, तर पिकून फळं खाली पडणाऱ्या टेंभरीला. सावली गार होती म्हणून. अस्वल त्याच फळांवर येतं, हे बायनाबाईच्याही ध्यानात आलं नाही. नातीला टेंभरं चाखवायच्या कौतुकात ती दंग होती. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला त्याच पावसाळ्यात जन्मलेली पोर, हा तिचा पहिलाच उन्हाळा; टेंभराची चव तिला ठाऊक नव्हती.

"तोडलेलं नाई द्यायचं, रुखमे," म्हातारीनं सकाळी बजावलं होतं. "आपसूक पडलेलं घ्यायचं, बोटानं दाबलं का दबणारं. टोपी काढायची, साल सोलायची, बिया काढायच्या, मंग गर चाटवायचा. कच्चं गेलं तं तोंड बसते पोरीचं. जीभ सुटत नाई दिवसभर."

पोरीनं पिवळा गर चाटला, क्षणभर विचार केला आणि आजीचं बोटच दोन्ही हातांनी पकडलं. हनुवटीपासून कोपरांपर्यंत माखली. पुसायला गेलं की रडायची. म्हणून रुखमानं तिला तशीच झोळीत टाकली होती.

आता अस्वलही टेंभरं खात होतं, आणि अगदी रीतीनं. कच्ची नाकानं बाजूला सारायचं, पिकलेली तेवढी ओठांनी उचलायचं. फुर्र करून धूळ उडवायचं, मग चोखल्याचा आवाज यायचा. बायनाबाईनंच शिकवलं असावं असं ते खाणं. दुसऱ्या कुठल्या दिवशी रुखमा पोट धरून हसली असती.

खालची फळं संपली. अस्वलानं मान वर केली. नाक हललं.

झोळीतून पोरीचा हात बाहेर लोंबत होता.

रुखमानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पाय आपोआप पुढं निघाले, तेव्हा बायनाबाईनं मागून तिच्या कमरेला मिठी घातली. म्हातारीची मिठी सुटत नव्हती. कुणाला विनवावं तेच रुखमाला सुचेना. मग ती मनातल्या मनात लेकीलाच विनवू लागली. झोप, चिमे. जागी होऊ नको, माय. रडू नको.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याच्या काळ्या पाठीआड झोळी दिसेनाशी झाली. आवाज तेवढा येत राहिला, तोच, चोखण्याचा. तो कशाचा हे रुखमाला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती.

मग ते खाली टेकलं, अंग झाडलं आणि कसली घाई नसल्यासारखं झुडपांत शिरलं. झुडपांची सळसळ थांबेपर्यंत बायनाबाईनं मिठी सोडली नाही.

रुखमा धावली. तिनं झोळी फाकवली. पोरगी होती. सबंध होती. गाढ झोपली होती. डावा हात अजून पिवळा नि चिकट, त्यावर माश्या बसलेल्या. बाहेर लोंबणारा उजवा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत ओला आणि लख्ख, नुकती आंघोळ घातल्यासारखा.

रुखमानं तो हात उलटासुलटा करून पाहिला. बायनाबाईनं पदरानं डाव्या हातावरच्या माश्या हाकलल्या.

पोरगी हलली. डोळे न उघडताच तिनं उजवा हात तोंडात घातला आणि चोखला. गोड काही लागलं नाही. तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं.

रुखमा सवयीनं लेकीला थोपटू लागली. "गप, चिमे, गप..."

बायनाबाईनं तिचा हात धरला.

"गप नको करू तिले," म्हातारी म्हणाली. "रडू दे. चांगलं मोठ्यानं रडू दे."