उताणा हात

"बाईंनी शिकवलं होतं गं. तेव्हा तुझं लक्ष खाली बर्फगोळेवाल्याकडे," सरोजिनी शेवंतीवर करवादली. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती आणि 'ऑन द अदर हँड' कुठे लिहायचं नि 'ऑन द कॉन्ट्ररी' कुठे, याचा शेवंतीच्या डोक्यात अजून गोंधळच होता.

दत्ताराम आत स्टोव्हला पिन मारत बसला होता. त्याची बायको लीला, या मुलींची बाई, गेली, तरी मुली त्याच्याच खोलीपुढच्या गॅलरीत अभ्यासाला बसत. त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. पण ते शब्द कानावर पडले की लीला घरातच आहे असं वाटे.

लीला गिरगावातली, कारकुनाच्या घरची, शिकलेली. गिरणीत माग चालवणाऱ्या साचेवाल्याशी, दत्तारामशी, लग्न करून लालबागच्या या खोलीत आली आणि माहेर तुटलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. चाळीतल्या मुलींना इंग्रजी शिकवायची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे राहून घोषणा द्यायची. तिचा आवाज बसला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत अख्ख्या चाळीचाच घसा बसलेला होता. दत्तारामही म्हणाला होता, मुंबई मिळाली की सुटेल तुझा आवाज. बाकीच्यांचे आवाज सुटले. तिचा पार गेला. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात नेली तोवर फार उशीर झाला होता.

शेवटच्या दुपारी त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"माझ्याशी लग्न करून तुझे हालच झाले. माफ कर मला."

लीलाने त्याच्याकडे पाहिलं. नाही अशी मान हलवली. मग त्याचा हात आपल्या हातावरून काढला, उताणा करून चादरीवर ठेवला आणि डोळे मिटले.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. माफ कशाला करील, असं तो मनाशी म्हणे. आणि मुलींसाठी चहा टाके.

आजही टाकला. बाहेर सरोजिनीचं समजावणं चालूच होतं. आवाज गेल्यावर बाई हातांनी शिकवायच्या, तसंच ती दाखवणार होती. दत्ताराम तेव्हा पाळीवर असे. ती शिकवणी त्याने कधी पाहिली नव्हती. कप घेऊन तो दारात उभा राहिला.

सरोजिनीने दोन्ही हात पुढे केले. "हे अदर हँड. हेही खरं, तेही खरं. दोन्ही हात आपलेच."

"आणि दुसरं?"

"त्यात समोरच्याचं म्हणणंच खोटं असतं. तू काहीतरी बोल."

"तुला इंग्रजी येत नाही," शेवंती म्हणाली.

सरोजिनीने नाही अशी मान हलवली. मग शेवंतीचा हात धरला, उताणा केला आणि पुस्तकावर ठेवला.

"म्हणणं समोरच्याचं, म्हणून हातही त्याचाच उलटा करायचा. तू म्हणतेस तसं नाही, अगदी उलट. बाई असंच करायच्या."

दत्तारामने कप खाली ठेवले. चहा बशीत सांडला होता. तो तिथेच मुलींसमोर जमिनीवर बसला.

"सरू, एकदा परत दाखव," तो म्हणाला आणि आपला हात पुढे केला.