मेकअप लागायचा नाही

"आई, मुख्य काम मलाच!" वेणी घालून घेताना लेक फुलून सांगत होती. स्नेहसंमेलनात वर्णद्वेषाविरुद्ध नाटक होतं आणि आफ्रिकेतली बंडखोर नायिका ती होणार होती.

"अगं वा! टीचर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हिला मेकअपसुद्धा लागायचा नाही. सगळे जाम हसले. मीपण हसले."

आईचे हात थांबले. कॉलेजात असलीच भूमिका तिने गाजवली होती. त्याचा करंडक अजून टीव्हीशेजारी होता. तेव्हा बाकीच्या पोरींना काळा रंग फासला होता, तिला मात्र कुणी रंगवलंच नव्हतं, हे आज आठवलं.

"आई, तुला कॉलेजात कसं मिळालं होतं गं काम?"

"अभिनय बघून," आई कशीबशी म्हणाली.

लेक आरशात बघत राहिली. "मग मलाही अभिनय बघूनच घेतलं असेल. हो ना गं?"