चुकीचा ठोकळा

आत एवारिस्तो पुन्हा ओरडला. दाराबाहेर बाकावर बसलेली त्याची बायको ओब्दुलिया ताडकन उठली, आणि उठून करण्यासारखं काहीच नाही हे लक्षात येऊन परत खाली बसली.

जळालेल्यांच्या वॉर्डात रोज सकाळी ड्रेसिंग होई. जुन्या पट्ट्या भिजवून सोडवायच्या, जखमा धुवायच्या, नव्या पट्ट्या बांधायच्या. आधी इंजेक्शन देत, पण ते पुरं पडत नसे. एवारिस्तो शोभेच्या दारूचा कारागीर. त्यांच्या गावात घरटी एक तरी माणूस याच धंद्यात. संत हुआनच्या जत्रेसाठी तो कागदाचा बैल बांधत होता. पाठीवर चक्रं, पोटात भुईनळे. भर दुपारी शेडमध्ये कुठूनशी ठिणगी पडली. दोन्ही हात होरपळले, छाती होरपळली, मान भाजली. चेहरा तेवढा वाचला.

दार उघडलं. यारेत्सी ही तरुण नर्स बाहेर आली.

“मावशी, आत या. ते फार हलतायत. तुम्ही समोर असलात तर कदाचित शांत होतील.”

ओब्दुलिया आत गेली. हात धरावा म्हटलं, तर धरण्याजोगा हातच नव्हता. तिने त्याच्या कपाळावर तळवा ठेवला. त्याने मान झटकली.

“नको. हात नको लावू. तुझ्या हातानंही दुखतं.”

ती त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली. यारेत्सी चिमट्याने पट्टी उचलू लागली. ते बघवेना म्हणून ओब्दुलियाने खाली पाहिलं, आणि तिच्या बोटांनी सवयीने खिशातला मोबाइल काढला. त्यात तिचा खेळ होता. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून फिरवून फट न ठेवता रचायचे, ओळ भरली की ओळ गायब. रोज पहाटे बाजारात विकायचे तमालेस, मक्याच्या पानात बांधलेले पिठाचे उंडे, वाफेवर चढवले, की ते शिजेपर्यंत ती हाच खेळ खेळे. बाजारातल्या एकाही बाईने तिला कधी हरवलं नव्हतं. एवारिस्तोला मात्र त्या खेळाचा भारी राग.

“इथेही?” तो दात आवळून म्हणाला. “नवरा इथे सोलला जातोय, आणि बाई ठोकळे खेळतायत!”

तिचं बोट चुकून घसरलं. लांबडा ठोकळा भलतीकडेच आडवा पडला.

“अगं, उभा कर ना तो!” तो खेकसला. “डावीकडे एवढी फट आहे, दिसत नाही?”

“कुठे?”

“तिथे, आंधळे! फिरव. आता फिरव! गेला. घातलास घोळ.”

यारेत्सी थांबली. तिने ओब्दुलियाकडे पाहिलं, मग ट्रेकडे. उजव्या हाताची सगळी पट्टी निघून ट्रेमध्ये पडली होती. एवारिस्तो ओरडला होता, पण बायकोवर.

दुसऱ्या दिवसापासून ओब्दुलिया ड्रेसिंगला मोबाइल घेऊनच जाऊ लागली. त्याला नीट दिसेल असा तो धरायची आणि चुकायची. चौकोन काठावर ठेवायची, लांबडा आडवा टाकायची. तो तिच्या माहेराचा उद्धार करायचा. तुझ्या बापानेही दुकानाची भिंत अशीच वाकडी बांधली होती, म्हणायचा. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा तेवढ्यात हसून घ्यायचा.

पण दर वेळी काही ते जमत नसे. मानेची पट्टी निघताना एवारिस्तोचे डोळे पडद्यावरून सुटत, आणि मग जो आवाज येई तो कुठल्याही खेळाला आवरण्यासारखा नव्हता. तिच्या हातातले ठोकळे आपोआप पडत राहत, वरपर्यंत ढीग लागे, खेळ संपे. ती तशीच मोबाइल धरून बसून राही. दुसरं धरायला तिच्याजवळ काही नव्हतं.

एका दुपारी तो झोपला होता आणि ती बाहेरच्या बाकावर एकटीच खेळत होती. मागून जाणारी यारेत्सी थबकली. ओळींमागून ओळी गायब होत होत्या. बोटं काचेला टेकतायत की नाही, कळत नव्हतं.

“मावशी! आत तर तुम्हाला साधा चौकोन बसवता येत नाही!”

“हळू बोल गं,” ओब्दुलिया दाराकडे बघत म्हणाली. “बरोबर खेळले की तो गप्प बघत बसतो. आणि गप्प बसला की त्याला पट्टी कळते.”

“त्यांना सांगा तरी. एवढं बोलतात तुम्हाला.”

“नको. कळलं तर चिडायचा कशावर?”

छातीवर शस्त्रक्रिया करून मांडीची कातडी लावली होती. तिथली पट्टी इतके दिवस उघडलीच नव्हती. डॉक्टर व्हरांड्यात यारेत्सीला म्हणाले, की आज ती काढायची. ते ओब्दुलियाने ऐकलं. डॉक्टरांनी आणखी काही सांगावं म्हणून ती त्यांच्याकडे बघत राहिली. “धीर धरा,” एवढं म्हणून ते पुढच्या वॉर्डात गेले.

ती आत आली. एवारिस्तोला काहीच सांगितलं नाही. स्टूल पुढे ओढलं आणि खेळ चालू केला. यारेत्सीने छातीवरच्या पट्टीवर पाणी सोडलं. पहिला ठोकळा वरून निघाला.

एवारिस्तोने डोळे मिटले, पुन्हा उघडले. तिच्याकडे न बघता, पडद्याकडेच बघत तो हलकेच म्हणाला, “म्हातारे, आज छाती आहे. आज जरा जास्त चुका कर.”