शिरोळची बुजरी घोडी

घोडी टेम्पोतून खाली उतरली तेव्हा गैबी दारातल्या बाजेवर पडून होता. तो उठला नाही.

“चाचा, एवढी वाटंवर आणा हिला,” शिरोळचे गणपतराव म्हणाले. ओळख फारशी नव्हती, पण नाव ऐकून माणूस कसबा बावड्यापर्यंत आला होता. “वरातीसाठी ठेवलीया, पर डीजे वाजला की बुजतीया.”

“दुसरा कोणतरी बघा, पावणं. मी दमलोय.”

यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं लोकांची बुजरी घोडी माणसात आणून गैबी खरोखरच दमला होता. त्यातून गेल्या दिवाळीच्या आधी एका नव्या घोड्यानं त्याला फेकला आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण गडी बाज सोडायचं नाव घेईना. कुणीही घोडं घेऊन आलं की हाच जबाब. मुलगा पुण्याला कंपनीत, सून सलमा शिलाई मशीनवर, आणि म्हातारा दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत. विचारलं तर म्हणायचा, कंटाळा आलाय.

“मग वीटभट्टीवाल्याला देऊन टाकतो,” गणपतराव म्हणाले. “तो मागायच लागलाय. विटा वाहताना बुजली तर बुजली.”

गैबी उठून बसला. भट्टीवर गेलेल्या घोड्यांच्या सोललेल्या पाठी त्यानं बघितल्या होत्या. घोडी पांढरीशुभ्र होती, मान उंच, पाय सरळ. त्याला त्या माणसाचा मनापासून राग आला.

“वरात कवा हाय?”

“वीस दिसांनी. कोडोलीला.”

“बांधा तिकडं लिंबाखाली.”

गणपतरावांच्या हातून दावं घेऊन सलमानंच घोडी नेली आणि बांधूनही टाकली. बाईमाणसाच्या हाताला जनावर लवकर वळतं, असं गैबीनं मनाशी म्हटलं.

सकाळी तो खरारा घेऊन गेला. घोडीनं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या. गैबी दोन पावलं मागं सरला. नव्या जनावराला घाई करून चालत नाही. तोंड उघडून दात बघावेत, वय कळावं, म्हणून त्यानं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. उद्या बघू. घाम पुसत तो बाजेवर येऊन बसला.

“काय म्हणतीया?” सलमानं विचारलं.

“लई भ्यालीया. डोळ्यात दिसतंय.”

“रोज जरा जरा जवळ जावा की, अब्बा.”

“आता तू शिकीव मला घोडी!”

सलमानं मशीनचं चाक फिरवलं.

चौथ्या दिवशी त्यानं घोडीच्या मानेवर हात ठेवला. तळव्याला थरथर जाणवत होती. “भिऊ नगंस, बाई, कोण खात न्हाय तुला,” तो पुटपुटत राहिला, बराच वेळ, थरथर थांबेपर्यंत. आठव्या दिवशी तिला हातानं धरून नदीकडं फिरवून आणली. परत आला तेव्हा पाय भरून आले होते. रात्री भाकरी जरा जास्त गेली.

मग शेजारच्या पिराजीला हलगी घेऊन बोलावलं. पहिल्याच कडकडाटाला दावं हिसकलं आणि घोडीनं मान झटकली.

“बघितलास? आवाजाला भीतीया.”

“हिसका तुमीच दिलासा वाटलं, चाचा.”

“तुला घोड्यातलं काय कळतंय? वाजीव!”

पिराजीनं वाजवली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शेवटी दावं सैल राहिलं, घोडी शांत उभी राहिली, आणि पिराजीचीच बोटं सुजली.

आता राहिलं बसायचं. पाठीवर बसून बघितल्याशिवाय घोडी तयार झाली असं म्हणता येत नाही. एक दिवस खांदा दुखत होता. एक दिवस जुम्मा होता. एक दिवस ऊन फार होतं. वरात दोन दिवसांवर आली तेव्हा मात्र गैबीला भट्टीतला धूर दिसायला लागला. तो दगडावर चढला. त्यानं डोळे मिटले आणि टांग टाकली.

काहीच झालं नाही. घोडी उभी होती. त्यानं टाच लावली, ती चालायला लागली. ओढ्यापर्यंत चालली, येताना दुडक्या चालीनं आली. गैबी दारात उतरला तेव्हा अंग मोडून आलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. सलमानं पदर तोंडाला लावला. त्या दिवशी तो बाजेवर टेकला नाही.

कोडोलीत डीजेनं भिंती हलत होत्या. फटाक्यांच्या माळा लागल्या, धुरानं गल्ली भरली. नवरदेव घोडीवर बसला. दावं गैबीच्या हातात होतं. घोडी कान हलवत उभी होती. कौतुकानं त्याची छाती भरून आली. इतक्या वर्षांत एवढं बुजरं जनावर एवढं निवलेलं त्यानं बघितलं नव्हतं.

नवरदेवाची आत्या बायडाबाई शिरोळहून आली होती. ती घोडीच्या पायांवर पाणी घालायला आणि हरभऱ्याची डाळ चारायला पुढं आली.

“जपून, बाई,” गैबी म्हणाला. “लई बुजरी हुती. पहिलीच वरात हाय तिची.”

“पहिली?” बायडाबाई हसायलाच लागली. “अवो, माझी तिन्ही पोरं हिच्यावरनंच मिरवली की! पायात माळ फुटली तरी डाळ खात हुबी असती ही.”

गैबीनं गणपतरावांकडं बघितलं. गणपतराव फेट्याचा शेव सारखा करायला लागले.

“माझ्यावर रागावू नगासा, चाचा,” ते हळूच म्हणाले. “तुमची सून आलती शिरोळला. म्हणली, तुमच्यातली सगळ्यात शाणी घोडी द्या, फकस्त बुजरी हाय म्हणून सांगा.”