तिसरा प्रोग्राम

चाचणी तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा दीपमालाने कपाळावर हात मारून घेतला.

धरणाचं पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या घराघरात आपोआप फोन जावा, म्हणून यवतमाळच्या त्या छोट्याशा कंपनीने तीन प्रोग्राम लिहिले होते. पहिला पाणी मोजायचा, दुसरा धोका ठरवायचा, तिसरा फोन लावायचा. चाचणीत पाण्याचा खोटा आकडा द्यायचा आणि टेबलावरचे चार मोबाइल वाजतात का ते बघायचं, एवढंच. पण तिघांनी एकमेकांचं ऐकलं तर ना! तिसरा आज हटूनच बसला होता. म्हणे, फोनची लाइन मोकळी नाही.

चार वाजता साहेब येणार होते. चाचणी पास झाली तरच उद्यापासून यंत्रणा सुरू. दीपमालाचा जीव मात्र साहेबांसाठी खालीवर होत नव्हता. तिची आई इंदूबाई उमरखेडकडे अगदी नदीला लागून एकटी राहायची. मागच्या पुरात तिने अख्खा दिवस छपरावर काढला होता.

दीपमालाने चालू प्रोग्रामांची यादी काढली. तिसऱ्याची एक प्रत पावणेबारापासून नुसती वाट बघत बसलेली. दीपमालाची पहिली चाचणीही त्याच सुमाराची. जुन्या चाचणीतला उरलेला प्रोग्राम असाच लाइन अडवतो आणि त्याला बंद करून पुढे जायचं, हे ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. तरी तिने इंद्रजितला फोन लावला. प्रोग्राम त्यानेच लिहिलेले. तो सकाळीच धरणावर गेला होता आणि तिथली रेंज येऊन-जाऊन असायची. फोन लागला नाही.

तिने उरलेला प्रोग्राम बंद केला, चाचणी पुन्हा चालवली. चारही मोबाइल एकदम वाजले.

तिला इतका आनंद झाला की तिने आधी आईलाच फोन लावला.

"आई, उद्यापासून तुले आधीच फोन येईन. आता भ्यायचं काम नाही."

"बरं झालं बाई. इथं तं कडक ऊन हाय. नदीत गोधड्या धुऊन राह्यली. पाणी घोट्याइतकंच हाय."

दोन गोधड्या राहिल्या होत्या, म्हणून इंदूबाईने बोलणं आवरलं आणि मोबाइल काठावरच्या पिशवीत टाकला.

दीपमालाने पेढे मागवले. तेवढ्यात इंद्रजितचा मेसेज आला.

"वरतं लय पाऊस होऊन राह्यला. उद्यापर्यंत थांबाले वेळ नव्हता, म्हणून तिसरा पावणेबारालेच इथून खरा चालू करून ठेवला. आता दरवाजे उघडून राह्यले. गावाइले फोन गेले ना?"