कोंबड्याची थाळी

मशिदी दोन, दोन्ही बिनछपराच्या. विहीर एक, पाणी गोडं. राजांच्या जुन्या कबरी तेरा, त्यांतल्या चारांवर खांब. खांबांच्या गिलाव्यात जडवलेले चिनी वाडगे नऊ, पैकी धड राहिलेले तीन. पुरातत्त्व खात्याच्या झुहुराने प्रत्येकाची जागा सेंटिमीटरपर्यंत मोजली होती, प्रत्येकाचा फोटो चार बाजूंनी घेतला होता. मिकिंदू गावात इतकं नेटकं काम आजवर कुणी केलं नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

त्याच आवारात, गोरखचिंचेखाली, गावाच्या अलीकडच्या कबरी होत्या. ना नाव, ना तारीख. प्रत्येकीच्या उशाशी चुन्यात बसवलेली एक थाळी, बाजारात मिळते तसली. राजांच्या कबरींवर वाडगे, म्हणून यांच्यावर थाळ्या. नुसती नक्कल, असं झुहुराला वाटलं. रविवारी दार-एस-सलामहून पाहुण्यांची पहिली बोट यायची होती. त्यांना जुनं तेवढंच दिसावं म्हणून तिने थाळ्या काढायला लावल्या. वरून तसा हुकूम नव्हता. मकामे गवंड्याने त्या छिन्नीने सोडवल्या, चुना खरवडून धुतल्या, कबरींवर उरलेले खळगेही झाडून साफ केले. थाळ्या दोन पोत्यांत गेल्या. त्या कुणी मोजल्या नाहीत.

झुहुराचं या गावात स्वतःचंही एक काम होतं. तिला जन्म देऊन तिची आई इथेच वारली होती. आठव्या दिवशी मावशीने तान्ह्या झुहुराला दार-एस-सलामला नेलं. पुढे बापही समुद्रात गेला. आईची कबर तिने कधी पाहिली नव्हती. ‘मी येईन तेव्हा दाखवीन,’ असं मावशी म्हणायची. आता मावशीचे गुडघे गेले होते. रस्त्यापलीकडच्या कब्रस्तानात झुहुराने दोन रविवार फिरून पाटी न् पाटी वाचली. आई सापडली नाही.

शुक्रवारी नमाजानंतर म्हातारी बी किदावा – बी म्हणजे बाई – गुलाबपाण्याची बाटली घेऊन आवारात आली. झाडाखाली येऊन थांबली. डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे पाहू लागली.

“ए पोरी, माझा नवरा कुठे ठेवलास?”

मकामे फिस्सकन हसला. झुहुरा उठून जवळ गेली. “बी, तुमची थाळी जपून ठेवलीय. घासूनपुसून. पोत्यातून निवडून घ्या.”

“थाळीचं काय करू? पिलाव वाढू त्यात? जिवंतपणी वाढला तेवढा पुरे झाला. निळ्या काठाखाली निजायचा तो. काठ चमकला की मी तिकडे वळायची. आता हे कुणाच्या डोक्यावर ओतू?”

“दर शुक्रवारी येता ना? जागा आठवत असेल.”

“तू तुझं घर दारावरून ओळखतेस, की टेपने मोजून?”

म्हातारीने बाटलीचं बूच काढलं. सगळ्या कबरींवर थोडं थोडं पाणी शिंपडलं. बाटली रिकामी झाली. “घ्या, शेजाऱ्यांनाही मिळालं,” असं पुटपुटत ती निघून गेली.

झुहुराने बऱ्याच दिवसांनी मावशीला फोन लावला. कब्रस्तानात शोधून थकले, म्हणाली.

“रस्त्यापलीकडे कशाला गेलीस, वेडे?” मावशी म्हणाली. “तुझी आई राजांच्या शेजारी आहे. तुझ्या बापाने हट्टच धरला होता. गोरखचिंचेखाली बघ. कोंबड्याची थाळी. तसली गावात एकच होती, तिच्या लग्नातली. थाळीच्या मागे मी खिळ्याने तीन रेघा मारल्यात. लग्नघरी भांडी मागून न्यायचे लोक. परत आपल्याच घरी यायला नकोत?”

झुहुरा पोत्यांकडे वळली. मग तिने विचारलं, “झाडापासून कितवी, मावशी?”

“कितवी ते कशाला लक्षात ठेवू? कोंबडा आहे ना.”

तिने दोन्ही पोती चटईवर रिती केली. फुलांच्या थाळ्या, निळ्या काठाच्या, हिरव्या काठाच्या, अगदी कोऱ्या पांढऱ्या. दुसऱ्या पोत्याच्या तळाशी कोंबडा निघाला. तुरा लाल, एक पाय उचललेला. मकामेने काम चोख केलं होतं. चुन्याचा कणही उरला नव्हता. तिने थाळी उलटी केली. तीन रेघा होत्या. त्यांवरून ती कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली.

“मकामे, ही कुठली?”

मकामेने थाळीकडे पाहिलं, मग झाडाकडे. “आता कसं सांगू, मॅडम? तुम्हीच म्हणालात ना, यांचं मोजमाप नको.”

तिने कॅमेऱ्यातले फोटो पुढेमागे करून पाहिले. खांबाच्या कबरी चारही बाजूंनी होत्या. गोरखचिंच तिने दर वेळी चौकटीबाहेर ठेवली होती.

ऊन कलायला लागलं होतं. तिने टेप घेतली आणि झाडाखाली गुडघे टेकले. ती एकेका कबरीपाशी थांबत शेवटपर्यंत गेली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत आली.

थाळीचा व्यास बावीस सेंटिमीटर. खळगे एक्केचाळीस. बावीस सेंटिमीटरचे सव्वीस.