कमरेची चटई

ऑकलंडला टाळेबंदी होती. विद्यापीठ बंद, म्हणून लेकीचा पहिला वर्ग आमच्या गॅरेजमध्ये, फोनवर भरणार होता. मी तिच्या कमरेला विणलेली चटई बांधली. आम्ही टोंगाची माणसं. मोठ्यांसमोर, मयतीला चटईशिवाय जात नाही. "फोनमध्ये कंबर दिसत नाही गं, आई." "तुला दिसते ना?" वर्ग सुरू होताच मागच्या खोलीतून नणंदबाई आल्या. आमच्यात आत्याचा शब्द शेवटचा; माझा नवराही बहिणीपुढे मान खाली घालतो. खिडकीतून चटई पाहून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" "कोणी नाही, वन्सं. पोरीचं कॉलेज आहे." "कुलूप लावलेलं कॉलेज? कोंबडीच्या मांसाचा कारखाना चालू आहे, तिथे कामाला पाठव तिला. बोलावतेच बाहेर." मी गॅरेजचं दार अडवून उभी राहिले. "आत बाई शिकवतायत. आधी चटई बांधून या." त्यांनी स्वतःच्या मोकळ्या कमरेकडे पाहिलं. मग अंगणातल्या पोरांवर खेकसल्या, "गप्प बसा, आत वर्ग चाललाय."